नीराबाईच्या पिंपाचा आवाज

चूक प्रस्तुत लेखकाची होती, हे आधीच लिहून टाकलेलं बरं. नाहीतर म्हसळ्यात दुसरं कोणीतरी सांगेलच, आणि तिखटमीठ लावून सांगेल.

म्हसळ्याच्या एसटी स्टँडसमोर ‘सर्व ऑनलाइन फॉर्म भरून मिळतील’ अशी पाटी असलेलं दुकान या लेखकाचं. पीकविमा, जातीचा दाखला, पोलीसभरती. आजवर एकही फॉर्म चुकला नाही, असा त्याचा दावा होता आणि तो दावा करायला तो स्वतःच पुरेसा होता. एका जानेवारीत विनिताचा फोन आला. जिल्ह्याची खुली कला स्पर्धा म्हसळ्यात आहे, तिच्यात ‘शिंगाळा’चं नाव घाल. शिंगाळा म्हणजे तिचा बँड: तीन माणसं, जेमतेम तीन कॉर्ड, आणि अडीच मिनिटांच्या वर कधी न गेलेली गाणी.

फॉर्ममध्ये गट तीन होते. भजनी मंडळ, समूहनृत्य, इतर. ‘इतर’ची वेळ संध्याकाळी सहाची. विनिताचं गाव खाडीपलीकडे, आगरदांड्याच्या अंगाला. दिघीहून सुटणारी शेवटची फेरीबोट चुकली, तर सगळ्या सामानासकट धक्क्यावर मुक्काम. भजनी मंडळांची वेळ मात्र सकाळी दहाची. लेखकाने डोकं चालवलं आणि पहिल्या चौकोनात टिचकी मारली. खाडीकाठच्या माणसाला आधी बोटीची वेळ दिसते, बाकीचं जग मागाहून. संगीत ते संगीत, तिथे गेल्यावर समजावून सांगू, असा त्याचा हिशेब.

तिथे गेल्यावर समजावून सांगायला कोणी रिकामं नव्हतं. सभागृहात पांढरे सदरे, काळ्या टोप्या, बुक्क्याचा वास. आणि माईकवर निवेदक: “आता आपल्यासमोर येत आहे, शिंगाळा प्रासादिक भजन मंडळ, आगरदांडा!” त्यातलं ‘प्रासादिक’ त्याने पदरचं घातलं होतं.

पडद्यामागे विनिताने लेखकाची कॉलर धरली. “हर्षद्या, काय केलंस हे?”

“बोट नसती मिळाली गं.”

“बोट मिळाली, आब्रू गेली मेल्या!”

भावेश, म्हणजे तिचा मावसभाऊ आणि बँडचा बास गिटारवाला, खांद्यावरचं ओझं पुन्हा उचलायला लागला होता. “चला, मागच्या दारानं निघू.”

“कशाला? फेरीचं तिकीट काढून आलोय. पिंपाचं वेगळं लगेज भरलंय. वाजवल्याशिवाय न्हाय जायची.”

ते स्टेजवर गेले आणि त्यांनी वाजवलं. पहिल्या दहा सेकंदांत पुढच्या रांगेतल्या दोन बुवांनी कानांवर हात ठेवले. चाळिसाव्या सेकंदाला परीक्षकांनी घंटा वाजवली. योगायोग असा की ती नेमकी तालात पडली. विनिताने मान डोलावून परीक्षकांना दाद दिली, त्यांनी चिडून पुन्हा वाजवली, तीही तालात. असं गाणं संपेपर्यंत चाललं. त्या दिवशीच्या परीक्षकांइतकी साथ शिंगाळाला आधी कोणी दिली नव्हती. निकालाच्या कागदावर त्यांच्या नावापुढे गुणही नव्हते, फक्त उद्गारचिन्ह.

आता ही विनिता कोण, ते सांगायला हवं.

वय सव्वीस. उंची बेताची, आवाज घोगरा, केस डब्याच्या रबरबँडने बांधलेले. बारावी कॉमर्स. बाप दादू परक्याच्या बोटीवर खलाशी, आई चंद्राबाई मासळी सुकवून विकणारी. विनिता गावच्या बर्फाच्या कारखान्यात कामाला. लोखंडी आकड्याने लादी ओढायची, यंत्रात लोटायची, चुऱ्याचे टब भरून बोटींकडे पाठवायचे. तिच्या दोन्ही तळहातांवर आकड्याच्या खुणा आहेत. स्थळं आली की चंद्राबाई खरं तेच सांगते, “पोरगी बर्फ फोडते आन् रविवारी वाजवते.” दोन स्थळं चहा न पिता गेली. तिसऱ्याने चहा प्यायला, पण बशीत.

बँडचं मूळ भावेशच्या पेनड्राइव्हमध्ये. तो न्हावा शेव्याला कंटेनर यार्डात शिफ्टवर असतो. तिथल्या एका ड्रायव्हरने त्याला परदेशी गाणी दिली होती. भरधाव, चिडकी, तरी गुणगुणता येतील अशी. विनिताने कारखान्यात बसून सगळी ऐकली आणि म्हणाली, “हे भांडणच हाय. फक्त तालात. आपल्या धक्क्यावर रोज सकाळी लिलावात होतं.” शब्दांचा अर्थ भावेशने सांगितला, तेव्हा मात्र तिचं तोंड वाकडं झालं. त्या सगळ्या पोरांना आपलं बारकं गाव सोडून जायचं होतं.

“हे जातायत कुठं?” ती म्हणाली. “मला न्हाय जायचं. मी अशी गाणी करीन का जो मला घालवायला येईल, तोच जाईल.”

तिसरा भिडू शुभम. म्हसळ्याजवळच्या वाडीतला, भातशेती असलेल्या घरातला, लेखकाचा वर्गमित्र. त्याच्याकडे गिटार होती आणि ती लावून देणारं कोणी नव्हतं, म्हणून ती कायम थोडी बेसूर असायची. शिंगाळाची ती ओळख झाली. नाव विनितानेच ठेवलं. शिंगाळा हा मासा कोणी पाहुण्याला वाढत नाही. पण जाळ्यातून काढताना ज्याच्या बोटात त्याचा काटा जातो, तो दोन दिवस त्याचं नाव घेत बसतो.

गायला आणि ड्रमवर विनिता. पण ड्रम कुठून आणणार? बर्फाच्या पेटीचं पत्र्याचं झाकण आलं, घमेलं आलं, सायकलच्या पायडलपासून केलेलं पेडल आलं. आणि शेजारच्या नीराबाईचं निळं प्लास्टिकचं पिंप आलं. नीराबाई त्यात मासळी खारवायची. “घरात हळद हाय, पाणी भरायला पायजे, उद्या देते” असं सांगून विनिताने ते नेलं. हळद खरीच होती, फक्त दुसऱ्या गावात. पिंप आडवं घातलं, पेडल मारलं. दहा वर्षांचं मीठ मुरलेल्या त्या पिंपातून असा आवाज निघाला की जणू भरतीची लाट बोटीच्या पोटावर आदळली. पुढे टी-शर्ट विकून त्यांनी एका बेंजो पार्टीकडून जुना स्नेअर ड्रम घेतला, झांजा घेतल्या. पिंप मात्र बदललं नाही.

सराव कारखान्याच्या मागच्या खोलीत. चावी विनिताकडे. बर्फ फोडायचं यंत्र चालू असलं की त्या घरघरीत तीन बँड खपले असते. दोन वर्षं गावाला पत्ताच नव्हता. मग एक जून आला. मासेमारी बंद, बोटी वर ओढलेल्या, कारखाना गप्प. आणि हे तिघे, कामाची सवय म्हणा, रविवारी वाजवायला बसले. सगळा कोळीवाडा दाराशी गोळा झाला. कोणी म्हणालं ट्रान्सफॉर्मर गेला, कोणी म्हणालं छप्पर पडलं. नीराबाई तेवढी कंबरेवर हात ठेवून शांत उभी होती.

“हा माझ्या पिंपाचा आवाज हाय,” ती म्हणाली.

त्या दिवसापासून ती दर भेटीत विचारते, “विने, माझं पिंप?” आणि विनिता म्हणते, “उद्या देते काकी.”

तर म्हसळ्याच्या त्या भजनी दिवशी सभागृहाबाहेर सामान टेम्पोत चढवताना एक ऐंशी पार केलेला म्हातारा काठी टेकत आला. शुभमचा आजा, येसाजी. तरुणपणी शक्ती-तुऱ्याचा शाहीर. गावोगाव रात्री जागवलेला, समोरच्या फडाला सवाल टाकून घाम फोडलेला.

“आजा, तू ऐकलंस?” शुभमला लाज वाटली.

“कान फाटंस्तवर ऐकलं.” तो विनिताकडे वळला. “पोरी, दम हाय तुझ्यात. पन सवाल कुठं हाय? नुसती आरडतेस. समोरच्याचं नाव घ्यावं, सवाल टाकावा आन् गप बसावं. सवाल पडला का समोरच्याला जवाब द्यावाच लागतो. न्हाय दिला तर तो हरला. आन् दिला तर दिलेल्या शब्दाला बांधला गेला.”

“बांधला म्हंजे?”

“म्हंजे बोट खुंट्याला बांधत्यात तसा.”

विनिताने तेव्हा नुसतं हसून घेतलं. पण परतताना फेरीबोटीच्या कठड्याला टेकून ती बोटांनी ताल धरत ‘बांधला, बांधला’ पुटपुटत होती, आणि तिने असा ताल धरला की भावेशला भीती वाटते.

शिंगाळाचा इतिहास असा फार मोठा नाही. दोन वर्षांत आठ गाणी, सगळी कारखान्यात मोबाइलवर रेकॉर्ड केलेली. एका गाण्यात मागे कोंबडा आरवतो, तो ठेवला. कोणत्या कंपनीचा हात लागलेला नाही. अलिबागकडचा एक रिसॉर्टवाला येऊन गेला. दर शनिवारी पाहुण्यांपुढे हिंदी गाणी वाजवा, पैसे बरे देतो, फक्त विनिताने कोळी ड्रेस घालायचा.

विनिता तेव्हा बर्फ ओढत होती. प्लास्टिकची चप्पल, भावाची जुनी पँट, डोक्याला टॉवेल. “मी आता घातलाय तो कोनाचा ड्रेस हाय?” तिने विचारलं. रिसॉर्टवाल्याला जवाब देता आला नाही. तो हरला आणि गेला.

मग तिसऱ्या वर्षी खळ्याचा विषय निघाला.

कोळीवाड्यापुढे, समुद्राच्या अंगाला, मासळी वाळवायचं खळं आहे. बांबू उभे, त्यांना दोऱ्या, आणि ऑक्टोबर ते मे दोन-दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून त्या दोऱ्यांवर टांगलेले. चाळीस बायकांची चूल त्या खळ्यावर पेटते. चंद्राबाईची जागा पश्चिमेच्या कोपऱ्यात, तिच्या सासूपासून चालत आलेली. विनिताच्या बारावीची फी त्या कोपऱ्यात वाळली.

गावच्या मंडळाचे अध्यक्ष शिवदास. विनिताचे चुलत काका. त्यांनी दुमजली होमस्टे बांधला होता, वर पांढरी गच्ची, गच्चीवरून खाडी दिसते. पुण्या-मुंबईचे पाहुणे येत, पण गाड्या लावायला जागा नव्हती. काकांनी मंडळात मांडलं, खळं पार्किंगला देऊ, गावाला उत्पन्न होईल, बायकांनी पलीकडे खडकावर बघावं. खडकावर भरतीचं पाणी येतं, हे काकांना ठाऊक नव्हतं असं नाही. ठराव नारळी पुनवेनंतरच्या बैठकीत व्हायचा होता. बैठकीत बसणारे पंधरा, सगळे पुरुष.

विनिताने दोन दिवसांत गाणं केलं.

मागं घे, मागं घे, गाडी मागं घे!
हितं माझा बोंबील निजलाय, गाडी मागं घे!
तुझ्या हॉर्नला भीत न्हाय,
माझ्या आयेचं खळं हाय,
मी न्हाय जायची, तूच जा, गाडी मागं घे!

आठवड्याभरात ते धक्क्यावरच्या पोरांच्या तोंडी झालं. टेम्पो मागे घेणारा क्लीनरसुद्धा ‘येऊ दे, येऊ दे’ सोडून हेच म्हणायला लागला. तेव्हा शिवदासकाका कारखान्यात आले. बर्फाच्या लादीवर गोणपाट टाकून बसले.

“विनिते, नारळी पुनवेला स्टेज देतो तुला. गाव तुझं, स्टेज गावचं. हवी तेवढी वाजव. पन ते गाडीचं गानं न्हाय.”

“का हो काका?”

“का म्हंजे? माझ्याच मांडवात माझीच वरात काढशील?”

घरी दादू तिला म्हणाला, “त्याच्या तोंडाला तोंड देऊ नको, पोरी. मी बोटीवरनं पडलो तवा त्यानंच टेम्पोत घालून मुंबईला नेलं मला. न्हायतर आज तुझी आय पांढऱ्या कपाळानं बसली असती.”

हे खरं होतं, आणि म्हणूनच अवघड होतं. काका वाईट असते तर गाणं आपोआप वाजलं असतं.

भावेश तर सरळच म्हणाला, “बाकीची आठ वाजवू. पहिल्यांदा गावचं स्टेज मिळतंय. मी शिफ्ट बदलून येतोय, विनू.”

“आठ वाजवून खळं राहील?”

“नऊ वाजवून राहील?”

तिने शुभमला फोन केला आणि एवढंच सांगितलं, “पुनवेला आज्याला घेऊन ये. बोटीतनं सांभाळून आण.”

नारळी पुनवेला दुपारी सोनेरी कागदात गुंडाळलेला नारळ वाजतगाजत धक्क्यावर गेला, दर्याला वाहिला, आणि चार वाजता कार्यक्रम सुरू झाला. स्टेज खळ्यावरच होतं. पावसाळ्यात खळं रिकामंच असतं. पुढे खुर्च्यांवर मंडळाचे पंधरा जण, मागे सगळा गाव, आणि बाजूच्या बांबूंखाली चाळीस बायका. येसाजी पहिल्या रांगेत, काठीवर हनुवटी टेकून.

शिंगाळाने दोन गाणी वाजवली. टाळ्या पडल्या. काकांनीही दोन वाजवल्या. मग विनिताने नुसत्या पिंपावर ताल धरला. धड, धड, धड-धड. भावेशला कळलं. त्याने एकदा डोळे मिटले, आणि मग त्याचा बास आला. शुभमची बेसूर गिटार आली. ‘मागं घे’ म्हणायला विनिताला तोंडच उघडावं लागलं नाही. मागचा गावच ते म्हणायला लागला.

काका ताडकन उठले. “बंद कर! शब्द दिला होतास तू!”

“न्हाय दिला, काका. मी ‘का’ विचारलं होतं. तुमी सांगितलं न्हायत.” तिने ड्रमची काठी वर उचलली आणि वाजवणं थांबवलं. खळ्यावर एकदम समुद्र ऐकू यायला लागला. “आता सवाल हाय. शिवदासकाका, ऑक्टोबर उजाडला का चाळीस बायांचा बोंबील वाळवायचा कुठं?”

“गानं म्हन, भाषन नको.”

काठी आपटल्याचा आवाज आला. येसाजी उभा राहिला होता. “सवाल पडलाय! जवाब द्या!”

“द्या, द्या! जवाब!” मागून पोरं ओरडली. बायकांनी टोपल्या बडवल्या.

काका तसे ऐकून घेणाऱ्यातले नव्हते. त्यांच्या उमेदीत एकही हळद त्यांच्या गाण्याशिवाय झाली नव्हती. समोरच्या वऱ्हाडाला गप्प करण्यात त्यांचा हात धरणारा नव्हता. स्टेजवर कोणी आव्हान द्यावं आणि आपण खुर्चीत बसावं, हे त्यांच्या रक्तात नव्हतं. ते चढले, माईक घेतला.

“बोंबील कुठंबी वाळतो! ऊन सरकारी हाय!”

हशा पिकला. काकांची छाती फुगली. विनिताने पेडल मारलं, धड.

“ऊन सरकारी, पन जागा कोनाची? तुमच्या गच्चीवर टाकायचा का?”

“टाक!” काका रंगात आले होते. दोन्ही हात पसरून त्यांनी गावाकडे बघितलं. “टाक गो माझ्या गच्चीवर! शिवदासनं आजवर कोनाला न्हाय म्हटलं न्हाय!”

टाळ्यांचा कडकडाट झाला. ‘टाक’वर विनिताने जो पाय मारला, त्याने पिंपाला वरपासून खालपर्यंत चीर गेली. काका जिंकून खाली उतरले. भावेश पुटपुटला, “हरलो गो.”

विनिता बांबूंकडे बघत होती. “आये, ऐकलंस?”

“ऐकलं,” चंद्राबाई पदर खोचत म्हणाली. “नारळाच्या दिवशी, दर्यासमोर बोललाय.”

येसाजी खाली बसला आणि त्याने खिशातली तंबाखू काढली.

चार दिवसांनी ठराव झाला. खळं पार्किंगला दिलं. सप्टेंबरात कोणीतरी साखळी लावली, दोन खांब पुरले. विनिता बर्फ ओढत राहिली. रविवारी वाजवत राहिली.

ऑक्टोबरात पहिला चांगला बोंबील लागला त्या सकाळी चाळीस बायका डोक्यावर टोपल्या घेऊन होमस्टेच्या जिन्याने वर गेल्या. पुढे चंद्राबाई, मागे नीराबाई. पाण्याच्या टाकीपासून डिश अँटेनापर्यंत दोऱ्या बांधल्या गेल्या. दहा वाजेपर्यंत पांढऱ्या गच्चीवर बोंबलांच्या रांगा डोलायला लागल्या. खाली पुण्याचं एक कुटुंब पोहे खात होतं, ते खायचं थांबलं.

काका धावत वर आले. “चंद्रे, ती मस्करी होती!”

“मस्करी स्टेजवर करत न्हाईत, भावजी.”

“अगं, पाहुने हायत!”

“असू द्यात की. जाताना चार सुके बांधून देऊ.”

दुसऱ्या दिवशी कावळे आले, तिसऱ्या दिवशी मांजरं, चौथ्या दिवशी बायकांनी सुकवायला आणलेला जवळा. इंटरनेटवर कोणीतरी एक तारा देऊन लिहिलं, ‘व्ह्यू सुंदर, वासाबद्दल न बोललेलं बरं.’ हे वाचून दाखवण्याचा मान प्रस्तुत लेखकाला मिळाला, कारण काका तक्रार कशी काढायची ते विचारायला त्याच्याच दुकानात आले होते. लेखकाने सांगितलं, त्याचा फॉर्म नसतो.

दादूही वर गेला होता एकदा. लोकांना वाटलं, बायकोला खाली आणायला. तो गच्चीच्या कठड्याला टेकून काकांशेजारी उभा राहिला आणि म्हणाला, “शिवदास, तू मला वाचवलंस ते मी मरंस्तवर इसरनार न्हाय. पन दोरी जरा सैल हाय बघ त्या कोपऱ्यात.” आणि त्याने ती ताणून दिली.

पाचव्या दिवशी खळ्यावरची साखळी गेली. खांब राहिले, त्यांना बायकांनी दोऱ्या बांधल्या. मंडळाच्या वहीत ‘यंदापुरतं स्थगित’ असं लिहिलं आहे. पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी. त्याच बैठकीत दुसरा ठराव एकमताने झाला: ‘शिंगाळा या पार्टीस गावच्या स्टेजवर कायमची बंदी.’ विनिताने तो ठराव जसाच्या तसा, तारीख आणि ठराव क्रमांकासकट, टी-शर्टच्या पाठीवर छापून घेतला. म्हसळ्यात गोविंदा पथकांचे टी-शर्ट छापतात त्याच दुकानात. आजवर त्यांचा हाच टी-शर्ट सर्वात जास्त खपला. शिवदासकाकांच्या धाकट्या मुलाने दोन घेतले, एक मोठा, एक लहान.

आता ते रविवारी खळ्यावर वाजवतात, बोंबलांच्या दोऱ्यांखाली, स्टेजशिवाय. काका गच्चीवर येऊन बसतात. ऐकायला नाही, वारा खायला, असं ते सांगतात. भावेश म्हणतो, त्यांचा पाय हलतो.

राहिलं पिंप. दादूने बोटीचं फायबर लावून त्याची चीर बुजवली. पण खारवण्याच्या कामाचं ते राहिलं नाही, म्हणून विनिताने मुरूडहून नवं कोरं निळं पिंप आणलं, शेअर रिक्षेत मांडीवर घेऊन, आणि नीराबाईच्या दारात ठेवलं. नीराबाईने त्याच्यावर बोटाच्या पेराने दोनदा टकटक केलं. कान लावला.

“हे मुकं हाय,” ती म्हणाली. “मला माझं पायजे.”

“त्याला चीर हाय काकी.”

“असू दे.”

नवं पिंप परत गेलं. परवाच्या रविवारी नीराबाई नेहमीसारखी पहिल्या गाण्याआधीच खळ्यावर आली, पिंपासमोर उकिडवी बसली.

“विने, माझं पिंप?”

“आज वाजवायचंय, काकी.”

नीराबाईने पिंपावरचं फायबर हाताने चाचपून बघितलं.

“बरं. मग उद्या दे.”